अल्पीन : एका लहान कारखान्याच्या मोटारी व त्यांच्या शर्यती

बैलगाड्यांच्या शर्यती पाहिलेल्या आपल्या भागांतील कोणाही मुलास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. कारखान्यास ऊस वाहणारी गाडी शर्यतींत कोणी जुंपीत नाहीं. तेथें हलका छकडाच पाहिजे. बैल तेच असले तरी मागचें ओझें घटलें कीं धांव वाढते. हेंच तत्त्व मोटारीस लावून फ्रान्समधील एका लहान कारखान्यानें मोठमोठ्या कंपन्यांस घाटरस्त्यांवर मागें टाकलें, आणि ज्या वर्षीं त्याच्या यशाचा कळस झाला त्याच वर्षीं तो परक्याच्या हातीं गेला. त्या कारखान्याचें नांव अल्पीन.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दिएप नांवाचें बंदर आहे. तेथें जाँ रेदेले हे १९२२ सालीं जन्मले. वडिलांचा रेनो कंपनीच्या मोटारी विकण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा होता. दुसरें महायुद्ध संपल्यावर तो मुलानें चालविण्यास घेतला. त्या सुमारास रेनोची ‘चार सी. व्ही.’ ही लहान मोटार निघाली होती. तिचें एंजिन मागील बाजूस असून त्याचें आकारमान सुमारें ७५० घन सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडे पुढें घरोघरीं ठाऊक झालेल्या मारुति ८०० पेक्षांही कमी, असे. असली गाडी घेऊन शर्यतीस जाणें हें लोकांस हास्यास्पद वाटलें असतें; तथापि रेदेले गेले. इटलींतील ‘मिल्ले मिल्या’ ही सार्वजनिक रस्त्यांवरून होणारी सुमारें १,६०० किलोमीटरांची शर्यत. १९५२ सालीं तींत ते आपल्या वर्गांत पहिले आले. आल्प्स पर्वतांतील घाटांतून गाडी हांकण्यांत त्यांस विलक्षण आनंद वाटे. म्हणून १९५५ सालीं स्वतःची कंपनी काढतांना तिचें नांवही त्यांनीं त्या पर्वतावरूनच ठेविलें.

येथें एक प्रश्न उद्भवतो. एंजिन ओतण्याची भट्टी नाहीं, पोलादी पत्रे दाबण्याचीं अवजड यंत्रें नाहींत, तर मोटार करावी कशी? रेदेले यांनीं एंजिनादि भाग रेनोचेच घेतले. आपल्या इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसविणाऱ्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तेव्हां त्यांच्यासारख्या धनिक उद्योगपतीसही प्रथम परदेशी मोटारींचेच भाग जोडावे लागले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दिएपच्या या दुकानदाराची अडचण कळेल. मात्र गाडीचें कवच त्यांनीं कांचेचे तंतू व राळ यांचें केलें. त्यास एक सांचा व कुशल हात एवढें पुरे. अशा रीतीनें जी गोष्ट दारिद्र्यामुळें करावी लागली तिनेंच गाडी हलकी झाली. १९६२ सालीं निघालेली त्यांची ‘ए ११०’ ही गाडी मधोमध पोलादी नळीचा कणा व त्याभोवतीं हें पातळ कवच अशी होती. आरंभींच्या गाडीचें वजन सुमारें ६०० किलोग्राम होतें.

विज्ञानाच्या तासाला आपण शिकतों कीं चालत्या वस्तूची शक्ति तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणांत वाढते. तेव्हां वजन निम्में तर त्याच वेगापासून थांबण्यास ब्रेकांनीं गिळावयाची उष्णताही निम्मी, व तेवढ्याच जोरानें मिळणारें त्वरण दुप्पट. सरळ रस्त्यावर मोठें एंजिन जिंकेल; पण जेथें दर शंभर पावलांवर वळण आहे तेथें ज्यास लवकर थांबतां व लवकर निघतां येतें त्याचीच सरशी.

तथापि हलकेपणा फुकट मिळत नाहीं. १९६३ सालीं अल्पीनच्या गाड्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत प्रथमच उतरल्या. दुसऱ्या एका गाडीचें तेल रस्त्यावर सांडलें होतें. त्यावरून क्रिस्चन हाइन्स या ब्राझीलच्या चालकाची अल्पीन घसरली, आदळली व पेटली. तो त्यांत मरण पावला. त्याचें वय अवघें २८ वर्षांचें होतें. अपराध कवचाचा नव्हता, हें खरें. पण पातळ कवच आंतील मनुष्यास आसराही देत नाहीं. शर्यतीच्या गोष्टी सांगणारे बहुधा अशीं नांवें गाळतात. तीं गाळूं नयेत.

पुढल्याच वर्षीं, १९६४ सालीं, अल्पीननें त्याच ठिकाणीं थोड्या इंधनांत अधिक काम करणाऱ्या गाडीचें पारितोषिक मिळविलें. १९६६ सालींही मिळविलें. मग मात्र मोह पडला. सर्वांच्या पुढें येण्यासाठीं तीन लिटरांचें मोठें एंजिन बसविलें, आणि १९६९ सालीं त्या गाड्यांपैकीं एकही शर्यत पुरी करूं शकली नाहीं. मंडळी परत घाटांकडे वळली, हें त्यांचें शहाणपण.

घाटांतील स्पर्धेस रॅली म्हणतात. गाड्या एकामागून एक सुटतात व घड्याळ निकाल देतें. मॉन्टे कार्लोची रॅली जानेवारींत होते. आपल्या दिवे घाटांत मध्यरात्रीं बर्फ पडून रस्ता कांचेसारखा झाला आहे अशी कल्पना करावी, म्हणजे तेथील त्युरिनीची खिंड डोळ्यांपुढें येईल. अल्पीनचें एंजिन मागें असल्यामुळें भार चालत्या चाकांवर पडे व तीं बर्फ घट्ट धरीत. उलट वळणावर गाडीचें शेपूट बाहेर फेकलें जाई. निष्णात चालक वळण येण्यापूर्वींच गाडी आडवी करून या दोषाचाच उपयोग करीत. १९७१ सालीं स्वीडनचा ओवे अँडरसन अल्पीनमधून ही रॅली जिंकला. १९७३ सालीं तर पहिले तीनही क्रमांक अल्पीनचे आले. विजयी झाँ-क्लोद आंद्र्युए याच्या शेजारीं बसून रस्ता सांगणारी ‘बिश’ या नांवानें प्रसिद्ध असलेली एक स्त्री होती, हें आमच्या विद्यार्थिनींनीं लक्षांत ठेवावें. त्याच वर्षीं कारखान्यांसाठीं जागतिक रॅली अजिंक्यपद प्रथम सुरू झालें. पोर्तुगाल, मोरोक्को, ग्रीस, इटली, कॉर्सिका अशा ठिकाणींही जिंकून तें अल्पीननें पटकाविलें. फियाट व फोर्ड मागें राहिल्या.

परंतु पदकांनीं मजुरांचे पगार भागत नाहींत. ‘ए ११०’ च्या एकंदर सुमारें साडेसात हजार गाड्याच निघाल्या. शर्यतींचा खर्च मात्र मोठ्या कंपन्यांएवढा. १९७३ सालींच कंपनीचा मोठा हिस्सा रेनोकडे गेला. १९७८ सालीं दिदिए पिरोनी व झाँ-पिएर झोसो यांनीं ल माँची शर्यत सर्वांत पुढें राहून जिंकली. त्या गाडीच्या नांवांत रेनो व अल्पीन दोन्हीही होतीं. पण पैसा आणि हुकूम रेनोचा होता. माझ्या मतें लहान कारखान्याचा खरा विजय १९७३ चा. हा दुसरा विजय धन्याचा. रेदेले यांनीं त्याच १९७८ सालीं कंपनी सोडली.

१९९५ सालीं अल्पीन नांवाच्या मोटारी निघणें बंद झालें. २०१७ सालीं रेनोनें तें नांव पुन्हां काढलें, व दिएपच्या कारखान्यांतून नवी ‘ए ११०’ बाहेर पडली. १९६२ च्या गाडीहून ती बरीच जड असली तरी तिच्या काळच्या इतर गाड्यांच्या मानानें हलकीच होती. रेदेले तें पाहावयास राहिले नव्हते. ते २००७ सालीं वारले.