औषधालाही वेळ असते : रेमडेसिवीरच्या रांगेने शिकवलेला धडा



एप्रिल २०२१ आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. दुसऱ्या लाटेत राज्यभर औषध दुकानांपुढे रांगा होत्या आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते, रेमडेसिवीर. आमच्या कामाच्या वस्तीतल्या एका ताईंनी तेव्हा कानातले मोडले, बचत गटातून आणि सावकाराकडून पैसे उचलले आणि काळ्या बाजारातून सहा कुप्या मिळवल्या. त्यांच्या पतीच्या आजाराचा तो अकरावा दिवस होता. ते व्हेंटिलेटरवर होते. एका खासगी दवाखान्याने चिठ्ठी हातात देऊन "कुठूनही आणा" एवढेच सांगितले होते. इंजेक्शने दिली गेली, पण भाऊ वाचले नाहीत. कर्ज मात्र पुढे दोन वर्षे ताईंनी धुणीभांडी करून फेडले.

आम्ही वॉर्डात नोकरी केलेल्या आणि आता वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या बायका. ताई आजही आम्हाला विचारतात, "अजून दोन दिवस आधी मिळाले असते तर?" या प्रश्नाचे खरे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. त्यासाठी आधी एका संशोधकाची ओळख करून द्यावी लागेल.

कोणी लक्ष न दिलेला विषाणू

डॉ. मार्क डेनिसन हे अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात काम करणारे बालरोगतज्ज्ञ आणि विषाणूशास्त्रज्ञ. १९८४ पासून ते कोरोना विषाणूंचा अभ्यास करत आले. त्या काळी माणसातले कोरोना विषाणू म्हणजे साधी सर्दी, त्यामुळे या विषयाकडे फारसे कोणी वळत नसे. डेनिसन यांचे बरेचसे काम उंदरांना होणाऱ्या कोरोनावर चालले होते. मग २००२-०३ मध्ये सार्स आला, २०१२ मध्ये मर्स आला आणि हा विषाणू माणसे मारू शकतो हे जगाला कळले.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. इतर विषाणूंवर चालणारी काही औषधे कोरोनावर का चालत नाहीत?

गवंडी आणि मुकादम

हे समजायला आपल्या बांधकामावरचे उदाहरण घेऊ. विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या नकला काढतो. कोरोनाचा नकाशा सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. एक अक्षर म्हणजे एक वीट समजा. विषाणूकडे विटेवर वीट रचणारा एक गवंडी असतो. रिबाविरीनसारखी औषधे म्हणजे खोटी वीट. गवंडी ती चुकून भिंतीत बसवतो आणि काम बिघडते.

पण कोरोनाकडे गवंड्यामागे एक मुकादमही असतो. तो प्रत्येक वीट तपासतो आणि खोटी दिसली की उपटून काढतो. डेनिसन यांच्या प्रयोगशाळेने या मुकादमालाच निकामी केले. तेव्हा विषाणूच्या नकलेतल्या चुका पंधरा ते वीस पट वाढल्या. पुढे २०१३ मध्ये त्यांनी दाखवले की मुकादम नसलेल्या कोरोनावर रिबाविरीन चांगले चालते. म्हणजे औषध हरत होते ते या मुकादमामुळे.

आता अशी खोटी वीट हवी होती जी मुकादमाच्या नजरेतून सुटेल. उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील डॉ. राल्फ बॅरिक यांच्या गटाबरोबर त्यांनी गिलियड कंपनीचे एक औषध तपासले. तेच रेमडेसिवीर. ही वीट बसली की लगेच काही होत नाही. तिच्यावर आणखी तीन विटा चढतात आणि मग काम अडते. तोवर खोटी वीट आत गाडली गेलेली असते, त्यामुळे मुकादमाला ती सहज सापडत नाही.

२०१७ मध्येच दिसलेली गोष्ट

२०१७ मध्ये या दोन्ही गटांनी संशोधन प्रसिद्ध केले. रेमडेसिवीर सार्स, मर्स आणि वटवाघळांतल्या कोरोना विषाणूंनाही रोखते, असे त्यात होते. म्हणूनच २०२० मध्ये साथ आली तेव्हा तपासायला एक औषध हाताशी होते. पस्तीस वर्षांच्या शांत कामाचे हे फळ.

पण त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट होती, ती रांगेपर्यंत पोहोचलीच नाही. सार्सची लागण केलेल्या उंदरांना औषध लवकर दिले तर आजार हलका झाला. फुफ्फुसाचे नुकसान होऊन गेल्यावर दिले, तर विषाणू कमी झाला, पण उंदीर वाचले नाहीत.

असे का? कोविडच्या पहिल्या आठवड्यात विषाणू झपाट्याने वाढतो. त्यानंतर गंभीर रुग्णात विषाणूपेक्षा शरीराची स्वतःची भडकलेली प्रतिकारशक्ती जास्त नुकसान करते, फुफ्फुसाला सूज आणते. घराला आग लावणारा पळून गेल्यावर त्याला पकडून आग विझत नाही.

माणसांवरच्या अभ्यासांतही हेच दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना रेमडेसिवीरचा फायदा दिसला नाही. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांना थोडा झाला. उलट, धोका जास्त असलेल्या पण घरीच असलेल्या रुग्णांना पहिल्या सात दिवसांत, तीन दिवस हे औषध दिले तेव्हा दवाखान्यात भरती होण्याचा धोका ८७ टक्क्यांनी घटला. गंभीर रुग्णांत मृत्यू कमी करणारे औषध जून २०२० मध्येच सापडले होते. डेक्सामेथासोन. ते जुने आहे, अगदी स्वस्त आहे आणि विषाणूवर नव्हे तर सुजेवर काम करते. तेसुद्धा ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठीच. गरज नसताना घेतलेल्या स्टिरॉइडने साखर वाढली आणि काळ्या बुरशीचा धोका वाढला, हेही आपण पाहिले.

म्हणून ताईंना आमचे उत्तर असे : "ताई, दोन दिवस आधी मिळाले असते तरी फार फरक पडला असता असे नाही. तुम्ही कमी पडला नाहीत. तुम्हाला माहिती दिली गेली नाही."

आजार विषाणूचा, मग औषध कोणते?

• साधी सर्दी, घसा, अंगदुखी : बहुतेक वेळा विषाणूमुळे. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. "स्ट्राँग गोळी द्या" असा हट्ट धरू नका.

• डेंग्यू : यावर विषाणू मारणारे औषध नाही. भरपूर पातळ पदार्थ आणि पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, ब्रुफेन घेऊ नका. ताप उतरताना पोटात खूप दुखले, उलट्या थांबत नसल्या किंवा कुठूनही रक्त आले तर लगेच दवाखाना गाठा.

• स्वाइन फ्लू : ऑसेल्टामिवीर हे औषध आहे. पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत चांगले. गरोदर बाई, म्हातारी माणसे, दमेकरी यांनी थांबू नये.

• नागीण : ही कांजिण्यांच्याच विषाणूची पुन्हा उठलेली खोड. विळखा पूर्ण झाला की माणूस मरतो, हे खोटे आहे. असायक्लोवीर पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू करावे. मांत्रिकाकडे गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत. डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

• एचआयव्ही : एआरटीच्या गोळ्या २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. रोज, न चुकता, आयुष्यभर घ्यायच्या. माणूस कामधंदा करत दीर्घ आयुष्य जगतो.

• हिपॅटायटिस सी : साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे.

विचारायचे चार प्रश्न

चिठ्ठी हातात आली की घाबरू नका. डॉक्टरांना किंवा सिस्टरला शांतपणे विचारा :

१. हे औषध विषाणूवर आहे की सुजेवर?
२. आज आजाराचा कितवा दिवस आहे? या दिवशी त्याचा उपयोग होतो का?
३. नाही दिले तर काय होईल?
४. हेच औषध सरकारी दवाखान्यात मिळेल का?

ताप सुरू झाला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वॉर्डात आम्ही कितीदा पाहिले की घरच्यांना दिवस नीट सांगता येत नाही, आणि दिवसच चुकला तर औषधाचा निर्णयही चुकतो.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, लोक म्हणतात म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः तपासून पाहा. डॉक्टरांवर अविश्वास ठेवा, असा याचा अर्थ नाही. प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे, एवढाच आहे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते नोकरीपुरते नव्हे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हे चार प्रश्न मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडून ते पाठ करून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!