पेत्राची प्रतिज्ञा व मद्यप्याची प्रतिज्ञा

शास्त्रपाठ : लूक २२:३१–३४, ५४–६२; योहान २१:१–१९.

दारू सोडण्याची प्रतिज्ञा आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांना नवीन नाही. नाताळच्या उपासनेत किंवा एखाद्या संजीवन सभेत मनुष्य पुढे येतो, सर्वांदेखत गुडघे टेकतो, पुन्हा शिवणार नाही असे म्हणतो, आणि मंडळी आमेन म्हणते. त्या घटकेस तो खोटे बोलत नसतो. परंतु बाजारच्या दिवशी मजुरीचे पैसे हाती पडतात, वाटेवर गुत्ता लागतो, आणि प्रतिज्ञा मोडते. पुढच्या रविवारी तो उपासनेस येत नाही. दारूने त्याला मंडळीपासून जितके दूर नेले नव्हते, तितके ही लाज नेते. अशा मनुष्यासाठी व त्याच्याकडे जाणाऱ्या उपदेशकासाठी हा पाठ आहे.

१. पेत्राची प्रतिज्ञा कशी मोडली

तुरुंगात जावयास व मरावयासही आपण सिद्ध आहो, असे पेत्राने प्रभूस सांगितले. हे ढोंग नव्हते. त्याचे प्रेम खरे होते. पण त्याचा सर्व भार स्वतःच्या निश्चयावर होता. रात्र थंडीची होती, अंगणात विस्तव पेटला होता, भोवती परके लोक होते, आणि एका दासीच्या प्रश्नापुढे तो निश्चय टिकला नाही. व्यसनाधीन मनुष्याचेही असेच होते. मोठ्या संकटात तो कदाचित उभा राहील. परंतु थकलेल्या सायंकाळी एका सोबत्याने केलेला साधा आग्रह त्याला पाडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेत्र पडणार हे प्रभूला आधीच ठाऊक होते, आणि तो पडण्यापूर्वीच त्याच्या विश्वासासाठी प्रभूने प्रार्थना केली होती. म्हणजे पेत्राचे पतन त्याच्या धन्याला अनपेक्षित नव्हते. मग आमच्या बंधूचे पतन पाहून मंडळीने आश्चर्याने तोंडात बोट का घालावे?

२. प्रभूने त्याला काय विचारले

पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी पुन्हा कोळशांचा विस्तव आहे. प्रभू पेत्राला प्रथम भाकर व मासळी खाऊ घालतो आणि मग त्याच्याशी बोलतो. तू असे का केलेस, असे तो विचारत नाही. पुन्हा कधी नाकारणार नाहीस अशी शपथही मागत नाही. आपल्यावर प्रेम आहे ना, एवढेच तो तीनदा विचारतो, आणि तिन्ही वेळा आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो.

व्यसन सोडण्याची प्रेरणा कोठून येते, ह्याचे उत्तर येथे आहे. नरकाचे भय, लोकांची निंदा, पंचांचा दंड ह्यांनी मनुष्य काही दिवस आवरला जातो; पण भय ओसरले की हात पुन्हा प्याल्याकडे जातो. कारण दारू सुटली तरी तिची जागा रिकामीच राहते. ज्याला कळते की, मी पडलो असतानाही माझ्यावर प्रीती करणारा आहे व त्याने माझ्याकडे काही काम सोपविले आहे, त्याची ती जागा भरते. त्याला आयुष्यभराची शपथ वाहावी लागत नाही. आजचा एक दिवस प्रभूच्या हाती द्यावा, उद्याचा उद्या द्यावा. रोजची भाकर रोज मागावयास प्रभूने शिकविले, त्याच रीतीने हे बळही रोज मागावयाचे असते.

३. वैद्याचे साहाय्य

मद्यासक्ती हा आजारही आहे, असे वैद्यशास्त्र मानते. पुष्कळ वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली, तर काही तासांतच हातपाय कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या एकदोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास कोणाला भ्रम होतो, नसलेली माणसे व किडेमुंग्या दिसतात. हा भूतसंचार नव्हे. ही शरीराची अवस्था आहे, आणि उपचार न झाल्यास तीत प्राणही जाऊ शकतो. म्हणून उपदेशक बंधूंनी अशा मनुष्यास खोलीत कोंडून केवळ प्रार्थना करीत बसू नये. त्याला रुग्णालयात न्यावे आणि त्याच्या खाटेजवळ बसून प्रार्थना करावी. ज्या लूकाच्या शुभवर्तमानातून आपण हा पाठ घेतला, त्यालाच पौलाने प्रिय वैद्य म्हटले आहे, हे विसरू नये. व्यसनमुक्तीची केंद्रे आज आपल्या प्रांतातही आहेत. पुण्यातील मुक्तांगण हे डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली सुरू केले. तेथे जाण्याने विश्वासास उणेपणा येत नाही.

४. उठलेल्याने दुसऱ्यास उठवावे

तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर, अशा अर्थाची आज्ञा प्रभूने पेत्राला पतनापूर्वीच दिली होती. तिचे मर्म दाखविणारी एक घटना अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी १९३५ साली घडली. बिल विल्सन नावाच्या गृहस्थाला दारू सोडून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. व्यापाराचे काम फसले, परक्या गावी तो एकटा पडला, आणि पिण्याची ओढ अनावर होऊ लागली. तेव्हा त्याने गावातील एका पाळकास दूरध्वनी करून, माझी एखाद्या मद्यप्याशी गाठ घालून द्या, अशी विनंती केली. दुसऱ्याला आधार देता देताच आपण टिकू, हे त्याने ओळखले होते. अशा रीतीने त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशी पडली.

डॉ. स्मिथ ह्यांनी दारू सोडली, परंतु थोड्याच आठवड्यांत ते पुन्हा पडले. त्यांना कोणी टाकून दिले नाही. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि १९५० साली मृत्यू येईपर्यंत पुन्हा दारूला स्पर्श केला नाही. ह्या दोघांपासून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संगत जगभर पसरली. ती कोणत्याही एका धर्माची नाही. तथापि तिची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप ह्या ख्रिस्ती चळवळीत आहेत. आरंभीच्या त्या दोघांत एक पुन्हा पडून उठलेला होता, हे आमच्या मंडळ्यांनी मनात ठेवावे.

५. मंडळीचे कर्तव्य

पडलेला मनुष्य रविवारी दिसला नाही, तर सोमवारी त्याच्या घरी जावे. पारावर त्याची चर्चा करू नये. बाजारच्या दिवशी कोणी विश्वासू बंधूने त्याच्यासोबत जावे व सोबतच परतावे. लग्नकार्यात व सणावारी ख्रिस्ती घरातून दारू वाढली जाऊ नये. एका हाताने प्रार्थना व दुसऱ्या हाताने प्याला, हे शोभत नाही. त्याला मंडळीत काही काम द्यावे, मग ते सतरंज्या अंथरण्याचे का असेना.

त्याच्या पत्नीमुलांस विसरू नये. घरात मारहाण होत असेल, तर सहन कर एवढेच त्या भगिनीस सांगणे म्हणजे ख्रिस्ताची क्षमा शिकविणे नव्हे. प्रथम तिला व लेकरांना सुरक्षित ठिकाणी न्यावे. प्रभू पेत्राला क्षमा करतो तेव्हा मेंढरांचीही काळजी वाहतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. पेत्राच्या प्रतिज्ञेत काय खरे होते व काय उणे होते?
२. प्रभूने त्याला बोलण्यापूर्वी खाऊ का घातले असावे?
३. आपल्या मंडळीतून लाजेने दूर गेलेला बंधू कोण? त्याच्याकडे ह्या आठवड्यात कोण जाणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत मोठ्याने देऊ नये. ते चालत जाऊन द्यावे.