पहिलं कार्ड नोंदीसाठी घ्या

शाहूपुरीतले व्यापारी मला शब्दावर मिरची उधार देतात. भिशीचा हप्ता किंवा पतसंस्थेचं कर्ज मी कधी थकवलं नाही. तरी चटणीच्या धंद्यासाठी कांडप यंत्र घ्यायला बँकेत कर्ज मागितलं, तेव्हा माझा सिबिल स्कोअर निघाला उणे एक.

उणे एक म्हणजे कर्जबुडवी नव्हे. नावावर कर्जाची नोंदच नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्कोअर 300 ते 900 च्या दरम्यान असतो आणि 750 च्या पुढे गेला की बँका सहसा फार आढेवेढे घेत नाहीत. व्यापाऱ्याची उधारी आणि भिशी या हिशेबात धरतच नाहीत. पतसंस्थेची फेडही माझ्या अहवालात आली नव्हती. मालकांच्या क्रेडिट कार्डावरचं पुरवणी कार्ड मी वापरत होते, पण त्याची नोंद त्यांच्या नावावर. नोंद हवी, तर कार्ड स्वतःच्या नावावर हवं.

मग एका स्टॉलवरच्या पोराने ‘काकी, आयुष्यभर फुकट’ म्हणत कार्ड दिलं. वर्ष उलटल्यावर बिलात वार्षिक शुल्क आणि त्यावर जीएसटी. तक्रारीचा पाठपुरावा केल्यावर पैसे परत मिळाले, पण तोवर हेलपाटे पडलेच. म्हणून सांगते, कार्ड देताना बँकेला महत्त्वाच्या अटींचा कागद द्यावाच लागतो. वार्षिक शुल्क, व्याजदर आणि उशिराचा दंड या तीन ओळी त्यात शोधा, मगच सही करा. सिनेमाची तिकिटं आणि विमानतळावरचा लाऊंज आपल्या कामाचा नाही.

पगाराची पावती नसेल तर सरळ मुदत ठेवीवर कार्ड मागा. ठेवीच्या रकमेतला बराचसा भाग मर्यादा म्हणून मिळतो आणि ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. नाकारलं म्हणून त्याच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दिसते आणि पैशाची नड आहे असा समज होतो.

मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवला तर बरं. हंगामात मी मिरची कार्डावर घेते, तेव्हा मर्यादा भरत येते. म्हणून बिल तयार होण्याआधीच थोडे पैसे भरून टाकते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं की छोट्या दुकानातही क्यूआरवर चालतं. सोय मोठी, पण खर्चाचा हिशेब तेवढ्याच सहज सुटतो.

खरा सापळा आहे ‘किमान देय रक्कम’. समजा बिल ₹10,000 चं आहे आणि तुम्ही ₹500 भरले. महिन्याला साडेतीन टक्के दराने उरलेल्या ₹9,500 वर सुमारे ₹330 व्याज, वर जीएसटी. वर्षाचा दर झाला 42 टक्के! शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तरी तेच. खात्यातून आपोआप भरणा लावताना ‘किमान’ नव्हे, ‘पूर्ण रक्कम’ निवडा.

अहवालही दरवर्षी बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चूक आढळली तर तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई मिळते.

आणि सुरुवात आधीच करा. नव्या कार्डावर स्कोअर दिसायलाच साधारण सहा महिने लागतात. येत्या उन्हाळ्यात यंत्र घ्यायचं असेल, तर कार्ड या पावसाळ्यातच घ्या. महिन्याला महावितरणचं बिल तेवढं त्यावर भरा आणि वेळेत फेडा. नोंद व्हायला एवढं पुरतं.