संगणकाच्या प्रोसेसरचे आसन आणि शीतलीकरण

पेढीवरील संगणक मध्येच मंदावला अथवा बंद पडला, की दोष यंत्राच्या बुद्धीचा असावा असे आपण समजतो. पुष्कळदा तो साचलेल्या उष्णतेचा असतो. यास्तव प्रोसेसर मदरबोर्डावर बसविण्याची व तो थंड राखण्याची रीत कशी पालटत गेली, हे आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत. या दोन गोष्टी दिसावयास निरनिराळ्या. परंतु एकीचा विचार दुसरीवाचून होत नाही.

१९८१ साली आय.बी.एम.ने काढलेल्या संगणकात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्यास दोन ओळींत मिळून ४० पाय होते, आणि उष्णता इतकी अल्प, की पंख्याची गरजच नसे. १९८९ च्या ४८६ मध्ये पोटाखाली १६८ पिना आल्या. इतक्या पिना दाबून बसविताना त्या वाकण्याचे भय असे. त्यावर उपाय म्हणून खटक्याचे सॉकेट निघाले : खटका उचलावा, प्रोसेसर अलगद ठेवावा, खटका खाली करावा. बळाचे कामच उरले नाही. १९९३ च्या पेंटियमची उष्णता सुमारे १६ वॅटपर्यंत गेली, आणि पन्हाळीदार ॲल्युमिनियमचा ठोकळा व त्यावर पंखा ही जोडी रूढ झाली.

१९९७ मध्ये पेंटियम २ एका उभ्या पेटीतून आला. जलद स्मृतीच्या चकत्या प्रोसेसरच्या शेजारी ठेवावयाच्या होत्या, म्हणून ही योजना. पुढे ती स्मृती एकाच चकतीत मावू लागली, आणि २००० च्या सुमारास पेटी जाऊन सॉकेट परत आले. त्या काळी ए.एम.डी.च्या ४६२ पिनांच्या सॉकेटवरील प्रोसेसरची सिलिकॉनची चकती उघडीच असे. वरचा ठोकळा तिरपा दाबला गेल्यास तिचा कोपरा फुटे. २००३ च्या ॲथलॉन ६४ वर धातूचे झाकण आले. ते भार सोसते व उष्णता पसरविते.

२००४ मध्ये इंटेलने पिना मदरबोर्डावर नेल्या व प्रोसेसरखाली ७७५ सपाट संपर्कबिंदू ठेवले. प्रोसेसरच्या पिना वाकण्याचे भय गेले. पण ते मदरबोर्डाकडे गेले एवढेच. त्याच वर्षीच्या काही प्रोसेसरांनी १०० वॅटची मर्यादा ओलांडली. जुन्या मोठ्या दिव्याची उष्णता नखाएवढ्या जागेत! मग तांब्याच्या बंद नळ्या सर्रास आल्या. नळीतील थोडा द्रव तप्त टोकाशी वाफ होतो, थंड टोकाशी पुन्हा द्रव होऊन परततो. काहींनी पंपाने पाणी खेळविण्याची रीत स्वीकारली. तथापि उष्णता अखेर खोलीतील हवेतच जाते. म्हणून हे साहित्य कितीही महाग असले, तरी खोलीहून अधिक थंडावा देऊ शकत नाही.

ए.एम.डी.ने २०२२ मध्ये १७१८ बिंदूंचे नवे सॉकेट आणले, तरी आधीच्या सॉकेटचे बहुतेक शीतक त्यावर बसतील अशी सोय राखली. ही काटकसर व्यापाऱ्यास पटण्याजोगी आहे.

यातून घेण्याजोगा बोध असा. खरेदीपूर्वी मदरबोर्डाच्या निर्मात्याची यादी पाहावी. बिंदूंची संख्या जुळणे पुरेसे नव्हे. इंटेलचे ११५१ बिंदूंचे २०१५ व २०१७ चे प्रोसेसर दिसावयास सारखे, पण एकाच्या मदरबोर्डावर दुसरा चालत नाही. धातूंच्या दोन पृष्ठांमधील सूक्ष्म खळगे भरण्यापुरताच लेप लावावा. जाड थर उष्णतेस अडवितो. पिनांचा प्रोसेसर असल्यास शीतक सरळ ओढू नये. वाळलेल्या लेपाने प्रोसेसरही उपटून येतो. संगणक थोडा वेळ चालवून, बंद करून, शीतक हळूच फिरवून सोडवावा. धूळ वेळोवेळी काढावी.

यंत्र बदलले, तरी नियम एकच राहिला : बळ कमी, यतना अधिक. आपल्या परंपरेस हा शब्द नवा नाही. तो पेढीवरील या यंत्राकडेही वळवावा, एवढीच आमची व्यापारी बंधूंस विनंती.