धावू या, पण एकमेकांसाठी थांबू या

शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर गेलेली मुले नाताळच्या सुट्टीत घरी येतात. पण प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये! म्हणून आम्ही सुचवतो, अमडापुरात एका सकाळी घरच्यांची गमतीची दौड ठेवू या.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यातील सुमारे ६ किलोमीटरची ‘ड्रीम रन’ नंबरासाठी नसून सर्वांनी मिळून धावण्यासाठी असते. आपल्याला २ किलोमीटर पुरेत. वर्दळीचा रस्ता टाळावा. मार्ग मुलांनाच ठरवू द्यावा. मोठ्या होणाऱ्या मुलांना हुकमापेक्षा जबाबदारी आवडते. आधी १० मिनिटे चालावे, मग बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. छातीत दुखल्यास लगेच थांबावे. नियम एकच: शेवटचा पोहोचला, की घराची दौड संपली.

योहानच्या शुभवर्तमानात दोन शिष्य कबरेकडे धावतात. एक जण पेत्राच्या पुढे जातो. पण दाराशी थांबतो आणि पेत्र आधी आत शिरतो. मुले आपल्या पुढे जाणारच. त्याचे दुःख कशाला? पुढे गेलेल्याने वाट पाहावी, मागच्याने कौतुक करावे. आपल्या घरात कोण कोणासाठी थांबतो, याचा या आठवड्यात विचार करू या.