ऊब आणि हवा

प्रस्तावना

थंडी पडली की महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत शेकोट्या पेटतात. माणसे भोवती बसतात, गप्पा रंगतात आणि धूर आकाशात विरून जातो. हिमालयातील थंडी मात्र माणसाला अंगणात बसू देत नाही. तेथे विस्तव घरात आणावा लागतो. सैन्यातील सेवेसाठी किंवा नोकरीनिमित्त तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाला उघड्यावरच्या शेकोटीची सवय असते. बंद खोलीतील विस्तवाचे नियम त्याला नव्याने शिकावे लागतात. ते नियम आणि त्यांमागील कारणे आपण या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• बंद खोलीत रॉकेल जळताना काय घडते, हे सांगू शकाल;
• विषारी वायूच्या बाधेची लक्षणे ओळखू शकाल;
• हीटर वापरताना घ्यावयाची काळजी स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. बुखारी आणि हीटर

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. अशा वेळी घराला आधार असतो तो बुखारीचा. बुखारी म्हणजे लोखंडी पत्र्याची बंद शेगडी. काही बुखाऱ्यांत लाकूड किंवा शेणी जाळतात, तर काहींत टाकीतून थेंब थेंब रॉकेल सोडतात. धूर बाहेर नेण्यासाठी तिला नळी जोडलेली असते.

वातीवर चालणारा सुटा हीटर याहून वेगळा. तो उचलून कोठेही ठेवता येतो. पण त्याला धुराची नळी नसते. त्यामुळे जळताना निर्माण होणारे सर्व वायू खोलीतच राहतात.

२. ज्योतीलाही हवा लागते

एक लिटर रॉकेल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १० घनमीटर हवेतील सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत हवा असते सुमारे २८ घनमीटर. थंडी आत येऊ नये म्हणून आपण दारे लावतो, फटींत कापड कोंबतो. आता त्याच हवेवर माणसेही जगत असतात आणि ज्योतही. हवा कमी पडू लागली की रॉकेल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितके धरून ठेवते, त्याच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट ते या वायूला धरते. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. लेहसारख्या ठिकाणी हवा विरळ असल्यामुळे हा धोका अधिक वाढतो.

३. फसवी लक्षणे

डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, गळून जाणे ही या बाधेची सुरुवातीची लक्षणे होत. उंचीवरील विरळ हवेचा त्रासही असाच असतो. म्हणून माणूस फसतो. "जरा पडलो की बरे वाटेल," असे म्हणून त्याच खोलीत अंथरुणावर आडवा होतो. झोपलेल्याला तर लक्षणे जाणवतही नाहीत. एकाच खोलीतील अनेकांना एकाच वेळी त्रास होऊ लागला आणि बाहेर गेल्यावर तो कमी झाला, तर प्रथम हीटरवर संशय घ्यावा.

सैनिकांनाही हा धोका असतो. बुखारीचा भडका आणि कार्बन मोनॉक्साइडची बाधा यांपासून जवानांचे रक्षण व्हावे, यासाठी डीआरडीओ या संस्थेने 'हिम तापक' हे उपकरण विकसित केले. २०२१ मध्ये त्याची माहिती जाहीर झाली.

४. काळजी कशी घ्यावी?

• हीटर चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवावी. थोडी ऊब जाईल, पण जीव राहील.
• झोपण्यापूर्वी हीटर विझवावा व खोलीत ताजी हवा येऊ द्यावी. रात्री रजई-घोंगडीवर भिस्त ठेवावी.
• बुखारीची नळी काजळीने किंवा बर्फाने बुजलेली नाही ना, हे पाहावे.
• रॉकेल भरण्यापूर्वी हीटर विझवून पूर्ण थंड होऊ द्यावा. शक्यतो घराबाहेर, नरसाळ्याने रॉकेल भरावे.
• रॉकेलात पेट्रोल कधीही मिसळू नये. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते.
• विझलेली बुखारी गरम असताना पुन्हा पेटवू नये. आत साचलेल्या रॉकेलाची वाफ होऊन भडका उडतो.
• पडदे, अंथरूण, वाळत घातलेले कपडे आणि लहान मुले यांना हीटरपासून दूर ठेवावे.

५. संकटकाळी

कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी दारे-खिडक्या उघडाव्यात आणि त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे. हीटर विझवावा व ११२ या क्रमांकावर मदत मागावी. शुद्ध आली, तरी रुग्णालयात नेणे आवश्यक असते. कारण रक्तातून हा वायू बाहेर पडण्यास काही तास लागतात. रॉकेल पेटल्यास पाणी ओतू नये. पेटते रॉकेल पाण्यावर तरंगून पसरते. त्यावर माती किंवा वाळू टाकावी.

शब्दार्थ

शेणी – गोवरी. विरळ – दाट नसलेली. काजळी – धुराचा काळा थर. भिस्त – भरवसा.

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागा भरा.
(अ) वातीच्या सुट्या हीटरला ________ नसते.
(आ) अर्धवट ज्वलनातून ________ हा वायू तयार होतो.

तुम्ही काय शिकलात?

• घरातील विस्तवाला माणसाप्रमाणेच हवा लागते.
• जो धोका दिसत नाही, तो कारणे जाणूनच टाळता येतो.

पाठान्त प्रश्न

१. कार्बन मोनॉक्साइडची बाधा लवकर का लक्षात येत नाही?
२. 'थोडी ऊब जाईल, पण जीव राहील' या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरात किंवा परिसरात थंडीच्या दिवसांत कोणती साधने वापरतात? त्यांपैकी एकासाठी सुरक्षिततेच्या पाच सूचना लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) धुराची नळी (आ) कार्बन मोनॉक्साइड