काळ्या दगडातील निळे फूल

महाराष्ट्रात घर बांधावयाचे असो की रस्ता करावयाचा असो, काळ्या दगडावाचून आपले चालत नाही. गडांचे तट याच दगडाचे आणि स्वयंपाकघरातील पाटा-वरवंटाही याचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस बाहेर पडला, थरावर थर साचत गेले आणि ते थिजून हा कठीण कातळ झाला. रस थिजत असता त्यातील वायूंचे बुडबुडे आतच अडकून पडले व त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांत उष्ण पाणी झिरपले, त्यात विरघळलेली द्रव्ये तेथे साठली आणि त्या गडद अंधारात स्फटिक वाढू लागले. म्हणूनच वरून रुक्ष दिसणारा दगड फुटला, की कधी कधी त्याच्या पोटात लखलखती आरास आढळते.

पुण्याच्या ईशान्येस वाघोली नावाचे गाव आहे. तेथील दगडखाणींत खडीसाठी कातळ फोडताना एक अतिशय दुर्मिळ खनिज मिळाले. त्याचे नाव कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनविलेले आहे. ते प्रथम सापडले अमेरिकेतील ऑरेगन राज्यात. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु वाघोलीचे नमुने इतके देखणे निघाले, की जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी ते आपल्याकडे नेऊन ठेवले.

मुलांनो, अशी कल्पना करा, की फोडलेल्या दगडांच्या ढिगात तुम्हांला एक निळा ठिपका दिसला. तो कॅव्हन्साइटच कशावरून? पहिली साक्ष रंगाची. हा निळा रंग व्हॅनेडियममुळे येतो आणि मोराच्या गळ्याची आठवण करून देतो. पण एकट्या रंगावर विश्वास ठेवणारा हमखास फसतो. ॲझुराइट नावाचे तांब्याचे खनिजही गडद निळे असते. मात्र ते हाताला जड लागते आणि त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला असता बुडबुडे येतात. कॅव्हन्साइट हलके असते, गारगोटीपेक्षाही हलके.

आता भिंग डोळ्याला लावा. सुईसारखे बारीक स्फटिक एका मध्यबिंदूपासून चोहोंकडे पसरलेले दिसतील. त्यांचा हरभऱ्याएवढा, क्वचित सुपारीएवढा गोळा झालेला असतो. कदंबाचे फूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही घडण चटकन ओळखता येईल. मग त्याचे सोबती पाहा. बहुधा हे निळे फूल स्टिल्बाइट या पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी खनिजावर बसलेले असते. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्ये आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दिसतात. काळा दगड, त्यावर पांढरी पेंढी आणि पेंढीवर निळे फूल असा हा संसार एकत्र आढळला, म्हणजे बरीचशी खात्री पटते.

कठिणपणाचीही परीक्षा आहे. नखाने कॅव्हन्साइटवर ओरखडा उठत नाही, पोलादी चाकूने उठतो. पण ही परीक्षा गळून पडलेल्या एखाद्या कणावरच करावी. अखंड गोळ्याला चाकू लावला, की ओळख पटते खरी, पण फूल हातचे जाते!

इतके करूनही एक पेच उरतो. पेंटॅगोनाइट हे कॅव्हन्साइटचे जणू सख्खे भावंड. रासायनिक घटक तेच, प्रमाणही तेच. केवळ अणूंची आतील मांडणी निराळी. पेंटॅगोनाइटचे स्फटिक अधिक लांब व सुटे असतात. कित्येकदा पाच स्फटिक एकमेकांत गुंतून वाढतात व त्यांचा छेद पाच टोकांच्या चांदणीसारखा दिसतो. हेही वाघोलीस मिळाले आहे. चांदणी दिसली नाही तर मात्र प्रयोगशाळेचाच आधार घ्यावा लागतो.

जे दुर्मिळ, त्याची नक्कलही होते. सुटे झालेले निळे गोळे पांढऱ्या स्टिल्बाइटवर डिंकासारख्या द्रव्याने चिकटवून विकणारे लोक आहेत. अशा वेळी गोळ्याचा तळ भिंगाखाली न्याहाळावा. खऱ्या नमुन्यात निळे व पांढरे स्फटिक एकमेकांत शिरलेले असतात. बनावट नमुन्यात मध्ये चकचकीत पातळ पापुद्रा दिसतो.

सुरुंगाने उडालेला सगळा दगड यंत्रात जाऊन त्याची खडी होते. एखाद्या कामगाराची नजर वेळीच पडली तरच स्फटिक वाचतो. किती निळी फुले अशी रस्त्यांच्या पोटात गेली असतील, कोण जाणे! तथापि खाणीत एकट्याने कधीही उतरू नये. कडे ढासळतात, न उडालेली दारूही शिल्लक असू शकते. मालकाची परवानगी घेऊन, जाणत्या माणसाबरोबरच जावे. नाशिकजवळ सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात अशी खनिजे पाहावयास मिळतात.

आणि एखादा तुकडा हाती आलाच, तर तो कापसात गुंडाळण्यापूर्वी चिठ्ठीवर गाव, खाण आणि तारीख लिहावी व ती चिठ्ठी त्याच डबीत ठेवावी. तुकडा कोठला हे ठाऊक नसेल, तर तो कोणत्या थरातून आला आणि त्याच्याभोवती कोणती खनिजे होती, हे भूशास्त्रज्ञाला मागाहून शोधता येत नाही.